कॅने टेबलावर: रोमन फळी किती रुंद उभी करायची?

इ.स.पू. २१६ मध्ये कॅने इथे कार्थेजच्या हॅनिबलने आपला मध्य मागे सरकवत रोमनांना आत ओढलं आणि दोन्ही बगलांनी व पाठीमागून वेढून संपवलं. ही लढाई छोट्या शिपायांनी टेबलावर मांडायची तर सगळ्यात आधी एक आकडा ठरवावा लागतो: रोमन पायदळाची फळी किती रुंद. आठ तुकड्या रुंद ठेवली तर हॅनिबलचा सापळा आवळला जाऊ शकतो. अकरा ठेवली तर रोमन दोन्ही बगलांना वळसा घालतात आणि कार्थेजचा मध्य दोन-चार पाळ्यांत संपतो. सैन्य तेच, नियम तेच, फासेही तेच. म्हणून चित्रं रंगवण्याआधी, बेस कापण्याआधी, कागद-पेन्सिल घेऊन हा हिशेब करावा.

नियम आम्ही डीबीए वापरतो, म्हणजे डी बेल्लिस अँटिक्विटॅटिस. १९९० साली इंग्लंडमधल्या वॉरगेम्स रिसर्च ग्रुपने ते काढले आणि प्राचीन-मध्ययुगीन लढायांसाठी इतके सुटसुटीत नियम दुसरे नाहीत. मूळ खेळात दोन्हीकडे बारा-बारा तुकड्या असतात आणि तासाभरात निकाल लागतो. प्रत्येक तुकडी म्हणजे एक आयताकृती बेस. १५ मिमी उंचीच्या शिपायांसाठी बेसची रुंदी ४० मिमी, आणि सगळी अंतरं याच रुंदीत मोजायची. आपली पाळी आली की एक फासा टाकायचा. जितके ठिपके तितक्या चाली, त्यांना पिप म्हणतात. एक सुटी तुकडी हलवायला एक पिप लागतो, आणि कडेला कड लावून एका दिशेला तोंड करून उभा असलेला अख्खा गटही एकाच पिपमध्ये हलतो. लढतीत दोन्ही बाजू एकेक फासा टाकतात आणि त्यात तुकडीच्या प्रकाराप्रमाणे ठरलेला आपापला गुणांक मिळवतात. कमी बेरजेची तुकडी मागे हटते. समोरच्याची बेरीज दुप्पट किंवा जास्त झाली तर ती उचलून बाजूला ठेवायची. लढत स्वतःच्या पाळीत होते तशी शत्रूच्या पाळीतही होते. नवखे खेळाडू हे हमखास विसरतात आणि मग त्यांचा वेळेचा सगळा अंदाज चुकतो.

बारा विरुद्ध बारा हा तोल स्पर्धेसाठी ठीक आहे. कॅनेत तो चालत नाही. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या मते रोमनांकडे ८०,००० पायदळ आणि ६,००० हून थोडं जास्त घोडदळ होतं. हॅनिबलकडे ४०,००० हून थोडं जास्त पायदळ आणि १०,००० घोडदळ. रोमनांनी १०,००० माणसं छावणीत ठेवली होती, म्हणजे मैदानात ७०,००० उरले. त्यातले १५,००० हलके धरले तर जड पायदळ ५५,०००. जड पायदळाची एक तुकडी २,५०० माणसांची मानली की रोमनांच्या २२ तुकड्या होतात. कार्थेजकडे गॉल आणि आयबेरियन मिळून २०,००० च्या आसपास, त्यांच्या ८. लिबियन, म्हणजे कार्थेजचं आफ्रिकी जड पायदळ, १०,०००, त्यांच्या ४. घोडदळाची तुकडी १,००० ची धरायची: रोमनांच्या ६ (उजवीकडे नागरिकांच्या २, डावीकडे मित्रराष्ट्रांच्या ४), कार्थेजच्या १० (नदीकडच्या घोडदळाचा सरदार हॅसद्रुबल याच्याकडे ७, न्यूमिडियन म्हणजे उत्तर आफ्रिकेतले हलके घोडेस्वार ३). हलके पायदळ रोमनांचे ३, कार्थेजचे २. एकूण ३१ विरुद्ध २४. घोडदळाला वेगळं प्रमाण का, असं कोणी विचारतं. घोडा जागा जास्त खातो आणि घोडेस्वारांची ओळ पातळ असते, म्हणून तितक्याच रुंदीत माणसं कमी मावतात.

रोमन २२ मधल्या चार तुकड्या भालाइतांच्या कराव्यात. प्रत्येक लीजनमध्ये, म्हणजे रोमन सैन्याच्या मोठ्या विभागात, ट्रायारी (शेवटच्या ओळीतले अनुभवी भालाईत) ठरलेले ६०० असत. आठ रोमन लीजन आणि तितक्याच मित्रांच्या धरल्या तर ९,६००, म्हणजे चार तुकड्या. त्या शेवटच्या ओळीत जातात आणि पुढे घोडदळ पाठीवर आलं की त्यांची किंमत कळते.

आता रुंदी. प्रत्येक शिपायाला समोर मीटरभर जागा आणि फळीची रुंदी १.६ किलोमीटर धरली, तर ५५,००० माणसं साधारण ३४ ओळी खोल उभी राहतात. हे बेताल वाटतं, पण पॉलिबियस नेमकं हेच सांगतो की मॅनिपल (लीजनमधले छोटे गट) नेहमीपेक्षा एकमेकांच्या जास्त जवळ उभे केले आणि त्यांची खोली रुंदीच्या कितीतरी पट ठेवली. एका बेसची रुंदी २०० मीटर मानली की १.६ किलोमीटर म्हणजे आठ बेस. ८, ८ आणि ६ अशा तीन ओळींत २२ तुकड्या नीट बसतात. समोर गॉल-आयबेरियनही आठच. दोन्ही फळ्या तोंडाला तोंड बरोबर भिडतात.

इथेच नियमाची खोच आहे. डीबीएत जड तलवारबाजांच्या तुकडीला, म्हणजे ब्लेडला, मागच्या ओळीचा काहीही फायदा मिळत नाही. लांब भाल्यांच्या फळीला मिळतो, ब्लेडला नाही. त्यामुळे चांगला खेळाडू रोमन घेतो आणि मागच्या दोन ओळी लगेच बाजूला पसरवतो. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. मग खोलीला काही वजन द्यावं म्हणून कोणीतरी सुचवतं: मागे तुकडी असेल तर ब्लेडला एक गुण जास्त. हे करू नये. गणित असं आहे: ब्लेडचा पायदळाविरुद्ध गुणांक ५, मध्यातल्या हलक्या-मध्यम पायदळाचा (ऑक्झिलिया) ३. ३६ शक्यतांपैकी ६ मध्ये ऑक्झिलिया पूर्ण नष्ट होते, २० मध्ये मागे हटते, ४ मध्ये बरोबरी आणि ६ मध्ये उलट ब्लेडच मागे हटतं. ब्लेडला सहा गुण दिले की नाशाची शक्यता ३६ पैकी ९ वर जाते. आठ तुकड्यांची फळी असेल तर दर लढतीला सरासरी दोन तुकड्या गेल्या. हॅनिबलचा मध्य वाकण्याऐवजी तुटतो, आणि कॅनेत तो तुटला नव्हता, मागे सरकत गेला होता. खोलीचा फायदा आम्ही एवढाच देतो: पुढची तुकडी नष्ट झाली तर मागची तिच्या जागी पिप न खर्चता सरकते.

रुंदी मात्र हुकमाने बांधावी लागते. नदीकडची बाजू सोपी आहे. रोमनांची उजवी बगल ऑफिडस नदीला, आजच्या ओफांतोला, टेकलेली होती. रणभूमी नदीच्या नेमक्या कोणत्या तीरावर यावर अभ्यासकांचे वाद आहेत. टेबलासाठी एका कडेला नदी आणि दुसऱ्या कडेला चढाव एवढं पुरे. बाकीचं बंधन लेखी हुकमाने: पायदळ समोरच्या फळीला भिडेपर्यंत रोमन मध्याची रुंदी आठच्या वर जाणार नाही. ज्याला हे जाचक वाटतं त्याला ट्रेबियाच्या लढाईची आठवण करून द्यावी. दोनच वर्षांपूर्वी, इ.स.पू. २१८ मध्ये, तिथे सगळं हरलेलं असताना सुमारे १०,००० रोमन कार्थेजचा मध्य फोडून सरळ बाहेर पडले होते. तो अनुभव गाठीशी असताना मध्यावर सगळं वजन टाकणं हा वेडेपणा नव्हता. म्हणून रोमन खेळाडूला ती संधी खरीच द्यायची: चार ब्लेड तुकड्या कार्थेजच्या कडेवरून टेबलाबाहेर काढल्या तर रोमनांचा विजय. ही अट नसेल तर रोमन बाजू घेणारा माणूस नुसता फाशीची वाट बघत बसतो, आणि दुसऱ्यांदा कोणी रोमन घ्यायला तयार होत नाही.

सामान. ५५ बेस लागतात. २ मिमी एमडीएफ लेझरने कापून घेतलं की कडा सरळ मिळतात. कात्रीने कापलेल्या पुठ्ठ्याच्या कडा वाकड्या निघतात आणि मग गट जुळत नाही, वाद होतात. शिपाई मोजून: ब्लेड, भालाईत आणि मध्याचे पायदळ चार-चार, घोडदळ तीन, न्यूमिडियन आणि हलके पायदळ दोन-दोन. बेरीज १९१. धातूचे बाहेरून मागवले तर कस्टम आणि टपाल धरून खर्च बराच होतो. ३०० जीएसएम कार्डावर छापून दुमडलेले कागदी शिपाई खेळाला तितकेच चालतात, फक्त पंख्याखाली खेळू नका. बेसची खोली सगळ्या पायदळाला सारखी २० मिमी ठेवावी. नियमात ब्लेडला १५ चालते, पण तुकडी मागे हटते ती आपल्या बेसच्या खोलीइतकी. खोल्या वेगवेगळ्या असल्या की दोन-तीन माघारींनंतर फळी दातेरी होते आणि कोण कोणाला भिडलंय यावर मोजपट्टी घेऊन बसावं लागतं. घोडदळाला ३० मिमी. सेनापतीच्या तुकडीवर छोटा झेंडा. मोजण्यासाठी ४० मिमीच्या खुणा केलेली लाकडी पट्टी. टेप नको, तो वाकतो.

टेबल ९० × ९० सेंटिमीटर. हिरवं कापड टाळा. लढाई २ ऑगस्टची, अपुलियाच्या सपाटीवरची. गव्हाळ किंवा खाकी फेल्ट घ्या. फेल्टच घ्या, कारण साटीन किंवा टेरिकॉटवर बेस घसरतात. नदी म्हणजे ५ सेंटिमीटर रुंदीची निळी पट्टी, चिकटवलेली.

मांडणी नदीपासून सुरू करायची. हॅसद्रुबलचं घोडदळ तीन रुंद (३, ३, १), मग अर्ध्या बेसची फट, मग लिबियनांचा दोन तुकड्यांचा स्तंभ, पुन्हा अर्धी फट, मग मध्याच्या आठ, आणि पुढे त्याचीच उलटी प्रत न्यूमिडियनांपर्यंत. एकूण १८ रुंदी, ७२ सेंटिमीटर. नदीचे ५ गेले की चढावाला १३ उरतात. मध्याचा अर्धचंद्र गोल येत नाही, पायऱ्यांनी येतो: मधल्या चार तुकड्या पुढे, दोन्हीकडच्या दोन-दोन एक बेस-खोली मागे. अशी पायरीची रांग नियमात गट धरली जात नाही, प्रत्येक पायरीला वेगळा पिप लागतो. त्यामुळे अर्धचंद्र चालवायचा नाहीच. तो जागेवर मांडूनच खेळ सुरू करायचा आणि रोमनांना येऊ द्यायचं. पहिल्याच पाळीत फळी सरळ करायला निघालेला हॅनिबल पुढे लिबियनांसाठी पिप शोधत बसतो.

लिबियन किती मागे? मध्याच्या टोकापासून ६० मिमी. स्तंभाची पुढची तुकडी आतल्या पुढच्या कोपऱ्याभोवती नव्वद अंश वळते, आणि वळल्यावर तिची कड आधीच्या रेषेच्या ४० मिमी पुढे, आत तोंड करून उभी राहते. म्हणजे समोर तेवढी मोकळी जागा हवी आणि शेजारी रोमन बगल हवी. बाहेरचा कोपरा ६० मिमीच्या आसपास फिरतो; जड पायदळाच्या दोन रुंदी म्हणजे ८० मिमीच्या चालीत ते बसतं. मध्ये ठेवलेली अर्ध्या बेसची फट याच वळणासाठी आहे. ती बुजवली तर लिबियन आपल्याच लोकांत अडकतात. आणि रोमन फळी दहा रुंद असेल तर तिची टोकं लिबियनांना समोरूनच गाठतात, वळायचा प्रश्नच उरत नाही. पुन्हा रुंदी.

भिडल्यावर पहिल्या लढतीत फक्त मधल्या चार तुकड्या सापडतात. टोकाच्या दोघींवर शेजारचा रोमन ओव्हरलॅप करतो, म्हणजे समोर कोणी नसल्याने बाजूने दाब देतो, आणि त्यांचा एक गुण कमी होतो. त्या एका गुणाने नाशाची शक्यता ३६ पैकी ६ वरून १२ वर जाते, थेट दुप्पट. चार तुकड्यांत मिळून सरासरी एक जाते. तेवढं सोसायचं. तुमच्या आवृत्तीत ब्लेडला पाठलाग सक्तीचा नसेल तर या लढाईपुरता करा. मागे हटणाऱ्याच्या पाठोपाठ रोमन आत आलेच पाहिजेत, नाहीतर शहाणा रोमन खेळाडू जिंकूनही जागेवर थांबतो आणि पोतं भरतच नाही.

गॉलांचा वर्ग हा वादाचा मुद्दा. सैन्याच्या याद्यांत ते वॉरबँड, म्हणजे बेभान तुटून पडणाऱ्या टोळ्या, असतात, आणि वॉरबँडने ब्लेडला नुसतं हरवलं तरी ब्लेड नष्ट होतं. याने मध्य भलताच घातक होतो. रोमन तुकड्या समोरासमोरच मरू लागतात आणि वेढ्याची गरजच संपते. यावर उपाय म्हणून लोक गुणांक खालीवर करतात. आमचं मत: आकड्यांना हात लावू नका, वर्ग बदला. पॉलिबियस सांगतो की गॉल आणि आयबेरियन यांच्या तुकड्या आलटूनपालटून उभ्या होत्या. तेव्हा आठही ऑक्झिलिया धरा. ऑक्झिलिया ब्लेडला समोरून मारू शकत नाही, फक्त ढकलू शकते. ३ अधिक ६ म्हणजे ९. ब्लेडची किमान बेरीजच ६, दुप्पट होणं शक्य नाही.

पण बगलेत लिबियन आला की चित्र पालटतं. ब्लेडचे ५ चे ४ होतात, आणि ज्याच्या बाजूला शत्रूची पुढची कड टेकली आहे तो मागे हटू शकत नाही, हरला की गेला. आता ३६ पैकी १० मध्ये रोमन तुकडी नष्ट होते. दोन्ही बगला आणि पाठ, तिन्हीकडून धरलं तर २ विरुद्ध ३, आणि ३६ पैकी २१. मागच्या ओळीतल्या ज्या तुकड्या वळून घोडदळाला तोंड देतात त्यांची स्थितीही वाईट, कारण त्यांच्या पाठीला आपलेच लोक उलट तोंड करून चिकटलेले असतात. मागे पाऊल टाकायला जागा नाही. ब्लेडचा घोडदळाविरुद्ध गुणांक ३, घोडदळाचाही ३. ट्रायारींचा मात्र ४. शेवटच्या ओळीच्या मधोमध त्या चार तुकड्या असतील तर रोमन दोन-तीन लढती जास्त तग धरतात.

हे सगळं हॅसद्रुबल वेळेत पोचला तर. त्याच्या सात तुकड्यांसमोर रोमनांच्या दोनच, तरी नदीकाठच्या चिंचोळ्या जागेत तीनच पुढे मावतात. ओव्हरलॅप धरून ३ विरुद्ध २. नेहमीच्या नियमाने नाशाची शक्यता ३६ पैकी फक्त ६, म्हणून रोमन घोडदळ हटत हटत खेळ लांबवतं. प्रत्यक्षात तसं झालं नाही. तिथे घोडे फिरवून पुन्हा चाल करणं झालंच नाही, माणसं खाली उतरून एकमेकांना भिडली. म्हणून एकच खास नियम: रोमन उजव्या घोडदळाला माघार नाही, हरलं की नष्ट. शक्यता ३६ पैकी २१ होते आणि सहसा दोन पाळ्यांत ती बाजू मोकळी होते. मग स्तंभ करून एकेका पिपने रोमन फळीच्या मागून पलीकडे जायचं, डावीकडच्या मित्रराष्ट्रांच्या घोडदळावर, म्हणजे रोमन सेनापती वॅरोच्या चार तुकड्यांवर, मागून जायचं, आणि त्या उधळल्या की पाठलाग न्यूमिडियनांवर सोडून लीजनच्या पाठीकडे वळायचं. न्यूमिडियनांनी तोवर नुसतं गुंतवून ठेवायचं. गुणांक २ घेऊन ३ वर चालून जाणारे न्यूमिडियन वाया जातात.

वेळ जुळावी म्हणून घोडदळं एका चालीच्या अंतरावर मांडा, पायदळं दोन चालींच्या. हलके पायदळ पुढे ठेवून पहिली चकमक करता येते, पण त्यात पिप जातात आणि निष्पन्न काही होत नाही. दोन पाळ्यांनी ते काढून घ्या. दोन्हीकडे तीन-तीन सेना: उजवी, मध्य, डावी. तीन रंगांचे फासे, कोणता रंग कोणाचा ते आधी ठरलेलं. एकच फासा ठेवला तर हॅनिबल सगळे पिप हॅसद्रुबलवर उधळतो.

शेवट कधी मानायचा तेही बदलावं लागतं. मूळ नियमात बारापैकी चार गेल्या की हार. तोच तिसरा हिस्सा कार्थेजच्या मध्याला लावला तर १२ पैकी ४, म्हणजे तीन-चार लढतींत खलास, आणि हॅसद्रुबल अजून नदीकाठी. आम्ही त्या मध्याची मर्यादा सहा ठेवतो. हॅनिबल आणि त्याचा भाऊ मॅगो स्वतः तिथे उभे होते, एवढा टिकाऊपणा त्यांचा हक्क आहे. रोमन मध्य आठ तुकड्या गेल्यावर कोसळतो. त्या क्षणी पाठीला शत्रू असेल तर इतिहासाइतका पराभव, नसेल तर उरलेले निघून गेले असं धरून हॅनिबलचा साधा विजय.

पडताळा म्हणून पॉलिबियसचे कार्थेजच्या हानीचे आकडे हाताशी ठेवावेत: ४,००० गॉल, १,५०० आयबेरियन आणि लिबियन, २०० घोडेस्वार. टेबलावर कार्थेजच्या चार-पाच तुकड्या जातात, म्हणजे १०,००० हून जास्त माणसं, आणि हे चुकल्यासारखं दिसतं. पण उचललेली तुकडी म्हणजे मेलेली माणसं नव्हेत, विस्कटलेली फळी. प्रमाण मात्र बघा: हानी मध्यात आठ आणे-बारा आणे आणि घोडदळात जवळजवळ शून्य असेल तर मांडणी बरोबर आहे. घोडदळ जास्त मरत असेल तर नदीकाठची जागा रुंद झाली आहे.

हीच रीत इतर लढायांना लावता येते. अ‍ॅझिनकोर्टला (१४१५) दोन्हीकडच्या रानांनी रुंदी आधीच बांधून दिली आहे, हुकमाची गरज पडत नाही. झेलमकाठची पोरसची लढाई (इ.स.पू. ३२६) उलट अवघड. प्राचीन इतिहासकार एरियन २०० हत्ती सांगतो, एकेक प्लेथ्रॉन म्हणजे सुमारे ३० मीटर अंतरावर. ती रांग सहा किलोमीटर होते, आपल्या मापाने तीस बेस, १२० सेंटिमीटर. अलेक्झांडरसोबत नदी ओलांडलेलं पायदळ एरियनच्याच हिशेबाने ६,००० च्या आसपास. आठ ओळी खोल उभं केलं तर पाऊण किलोमीटर, चार बेससुद्धा नाहीत. दुसरे प्राचीन इतिहासकार, डायोडोरस हत्ती १३० देतो आणि कर्टियस ८५. ८५ धरले की रांग अडीच किलोमीटरवर येते, तेरा बेस, आणि तोच आकडा घेऊन आम्ही टेबल मांडतो.